पप्पांचं वेगळं ताट

रिपोर्ट आला त्या दिवशी पप्पांनी आपलं ताट आणि तांब्या वेगळा काढला. कोरोनात कंपनीने त्यांना शेडमध्ये वेगळं ठेवलं होतं, तेव्हाची सवय. रक्तात काहीतरी सापडलंय एवढंच त्यांना कळलं होतं. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी, पण मी कमी बोलते. दोन दिवस कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पप्पा रांजणगावला कामाला जातात. सकाळी त्यांची कंबर धरायची, चालल्यावर मोकळी व्हायची. बसलं की आखडतं म्हणून कंपनीच्या बसमध्ये ते शिरूरपासून उभेच असायचे. जागा रिकामी ठेवून उभे राहतात म्हणून सगळे त्यांना कंडक्टर म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी ते आपलं ताट स्वतःच घासताना दिसले, तेही वाकता येत नसताना. मी रिपोर्ट घेऊन शेजारी बसले. एचएलए-बी२७, पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. शब्द आधी जुळवून ठेवले होते, तरी अडखळलेच. म्हटलं, शिफ्ट सुटल्यावर तुम्ही गेटवर बॅग उघडून दाखवता ना, तशी पेशी आतलं थोडं थोडं या प्रथिनावर ठेवून बाहेर दाखवते. रोगाचं काही दिसलं तर शरीराचे पहारेकरी धरतात. हा बी२७ प्रकार असला की कधी कधी ते आपल्याच सांध्यांवर उठतात. का, ते अजून नक्की कळलेलं नाही.

"म्हंजी वॉचमन घरच्यालाच धरतोय," पप्पा म्हणाले.

हे ताटातून पसरत नाही म्हटल्यावर मम्मीने ते ताट त्यांच्या हातातून घेतलं आणि आमच्या ताटांत ठेवून दिलं. पप्पांनी विचारलं, मग माझ्यात आलं कुठनं? मला टाळता आलं असतं. मी सांगितलं, जन्मानेच, आईवडिलांच्या जनुकातून.

ते घासणीकडे बघत राहिले. "आन् तुला?"

"निम्मी शक्यता. पण हे असलेल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही, पप्पा."

ते उठून गेले. सांगायला नको होतं, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

सकाळी सहाला त्यांनी माझं दार वाजवलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम रोज उद्यावर ढकलणाऱ्या पप्पांनी गच्चीवर दोन चटया टाकल्या होत्या. मी म्हटलं, मला कुठेच दुखत नाहीये.

"दुखायची वाट बघायची न्हाई," ते म्हणाले. "चल, हात वर कर."