थापटण्याची हळद

आमच्या कुंभारवाड्यात बाईनं चाकाला हात लावायचा नाही. तिनं माती तुडवायची, राख चाळायची, भट्टीचा धूर गिळायचा. चाक मात्र बाप्यांचं. ही रीत कोणी पाडली? जो फिरवत बसला त्यानंच पाडली असणार. जी मडकी ठोकत बसली तिला वेळ कुठे होता!

काल काकू दारात बसून मडकी थापटत होती आणि मी बघत होते. चाकावरून उतरलेल्या मडक्याला बूडच नसतं, हे किती जणांना ठाऊक असेल? वर काठ रेखीव, खाली नुसतं भगदाड. काकू आतून गोटा धरते, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत राहते. तेव्हा कुठे मडक्याला पोट येतं, बूड मिटतं. तरी मान चाकाचा!

तेवढ्यात लग्नघरच्या बायका वाजतगाजत, लग्नाची मडकी न्यायच्या आधी हळद लावून चाक पुजायला आल्या. काकूनं चिखलाच्या हातानं थापटणं पुढे केलं.

"आधी ह्याला हळद लावा."

"अगं, तशी रीत नाही," काका चाकावरून म्हणाले.

"मग लग्नाला बिनबुडाची मडकी द्या. बघू किती पाणी राहतंय."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नवरीच्या आईनं हळदीत बोटं बुडवली.

काकूनं ती हळद पुसलेली नाही. आज सकाळपासून प्रत्येक मडक्याच्या बुडाला थोडा पिवळा रंग लागतो आहे, आणि काका ती मडकी बूड वर करून उन्हात मांडताहेत.