होडीतून घर पाहायला

माझ्या नणंदेचं लग्न जमलं ते तापीच्या पलीकडे, हजिऱ्याच्या बाजूला. मुलगा तिकडे वेल्डिंगचं काम करायचा. माणसं आमच्यासारखीच खानदेशातून आलेली. तो आई-वडिलांसोबत सुरतेत आमच्या नवागामला येऊन मुलगी पाहून गेला, पसंतीही झाली. आता आमच्याकडच्यांनी त्यांचं घर पाहून यायचं होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं.

घर पाहायला मोठी माणसं जातात, मुलगी जात नाही. पण नणंद अडून बसली.

"माले तठे ऱ्हानं शे, मंग घर मी नको देखू का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. ती दिवसभर कापडाच्या लूमवर उभी राहून पुरुषांच्या बरोबरीनं काम करणारी मुलगी, तिला कोण अडवणार?

होळी होऊन पाच दिवस झाले होते. पावर-कटमुळे आमच्या भागातले लूम ज्या दिवशी बंद असत, तो दिवस ठरला. माझ्या नवऱ्याचं काम कतारगामला, त्यांना त्या दिवशी सुट्टी नव्हती. म्हणून निघालो चौघं: सासूबाई, नणंद, मी आणि सासूबाईंचे चुलतभाऊ. हे लग्न त्यांनीच जमवलं होतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते सासूबाईंना ताई. पांढरंशुभ्र धोतर, नवे कोरे बूट, आणि जगातली प्रत्येक वाट आपल्याला ठाऊक असल्याचा आव.

"रस्त्यानं कशाला वळसा घालायचा?" मामा म्हणाले. "डुमसच्या बाजूनं होडीत बसायचं, की अर्ध्या तासात पलीकडे. ताईला समुद्रही दिसेल."

होडीवाल्यानं आठला बोलावलं होतं, भरतीच्या पाण्यावर. पण वाटेत मामांना गाडीवरचा ढोकळ्यासारखा वाफाळता लोचो दिसला. वरून तेल, शेव, कांदा. एक प्लेट झाली, दुसरी झाली, मग चहा. आम्ही काठावर पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते.

होडीवाला साठीचा, हाडकुळा माणूस. त्यानं पाण्याकडे बोट दाखवून मान हलवली. ओहोटी लागली होती. तापी जिथे समुद्राला मिळते तिथे मधोमध एक खोल धार आहे आणि दोन्ही बाजूंना चिखलाचे पट्टे. ओहोटीत सगळी नदी त्या धारेतून समुद्राकडे ओढली जाते. हे मला आज कळतं. तेव्हा मला नुसतं रुंद, मातकट पाणी दिसत होतं, आणि समोरचा काठ अगदी हाताशी. मामांनी इतकी गळ घातली की शेवटी तो वैतागून म्हणाला, "बेसो."

धारेत शिरल्याबरोबर होडी आडवी सरकू लागली. इंजिन जोर करत होतं, पण समोरचा काठ जवळ यायचं सोडून बाजूला पळायला लागला. डावीकडे पाहिलं तर जमीनच नव्हती, नुसता समुद्र. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन बांगड्या फुटल्या. होडीवाल्यानं एकदा मागे पाहिलं, ओठ चावला आणि सुकाणू वळवून होडी सरळ चिखलाच्या पट्ट्यावर घातली. धप्पकन आवाज झाला, आम्ही सगळे एकमेकांवर पडलो, आणि होडी थांबली.

"हवे पाणी पाछुं आवे त्यां सुधी बेसवानुं," तो म्हणाला. पाणी परत येईपर्यंत बसायचं. म्हणजे संध्याकाळपर्यंत.

पाणी बघता बघता उतरलं आणि आम्ही चकचकीत काळ्या चिखलाच्या माळावर बसलेले उरलो. होडीवाल्यानं बजावलं, "कोई उतरशो नहीं. कादव गळी जशे." उतरलात तर चिखल गिळून टाकेल. तासभर आम्ही होडीतच बसलो. पण मामांना राहवेना. काठ दिसतोय, माणसं दिसताहेत, दहा मिनिटांत चालत जातो आणि मदत आणतो, असं म्हणत ते उतरलेसुद्धा.

पाच पावलं नीट गेली. सहाव्याला गुडघा, मग मांडी. हलतील तसे आणखी खाली जात होते. "ताई!" अशी हाक त्यांनी मारली.

होडीवाल्यानं तळावर अंथरलेल्या दोन फळ्या उचलून चिखलावर टाकल्या. एकानं आडवं होऊन जायचं आणि दोघा-तिघांनी होडीतून ओढायचं, असं तो सांगत होता, तोवर नणंदेनं पदर खोचून दोर उचललासुद्धा.

"वहिनी, तू ओढ. तुझे हात बळकट आहेत."

ती फळीवर पालथी पडून सरपटत गेली. मामांच्या काखेतून दोर घेऊन गाठ मारली. "मामा, आता पाय मारू नका. नुसते लाकडासारखे पडा." मग होडीवाला, सासूबाई आणि मी, तिघांनी ओढलं. चिखलानं मोठा चोखल्यासारखा आवाज केला आणि मामा बाहेर आले. बूट आणि धोतर मात्र आतच राहिलं.

पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीतले मामा होडीत येऊन बसले, तेव्हा कुणालाच कुठे बघावं कळेना. सासूबाईंनी पिशवीतलं आपलं जादा लुगडं काढून त्यांच्या अंगावर टाकलं. पहिल्यांदा हसला तो होडीवाला. मग आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. थोड्या वेळानं मामाही हसले.

ऊन चढलं. व्याह्यांसाठी टोपलीभर सांजोऱ्या केल्या होत्या. सासूबाईंनी वरचं फडकं सोडलं. "खाई ल्या," त्या म्हणाल्या. होडीवाल्याला पहिली सांजोरी दिली. त्यानं दोन खाऊन तिसरी मागितली आणि "मासी, बहु सरस" म्हटलं, तेव्हा त्यांची कळी खुलली. टोपली रिकामी झाली.

उन्हं कलली तेव्हा लांबून घरघर ऐकू आली. मला वाटलं, ट्रक येतोय. होडीवाला ताडकन उठला. नांगर समुद्राच्या बाजूला लांब फेकून त्यानं दोर घट्ट बांधला आणि आम्हाला तळाशी बसवलं. भरतीच्या फेसाची एक रेघ चिखलावरून धावत आली. पहिल्या धडकेला होडी हादरली, दुसरीला कलली, आणि मग हलकेच उचलली गेली. सासूबाईंनी वाकून पाण्याला हात जोडले.

पलीकडच्या काठावर मुलाकडचे उभे होते. दुपारपासून चिखलात रुतलेली होडी ते पाहत होते आणि कोण येडे ओहोटीत निघाले म्हणून हसत होते, असं त्यांनीच सांगितलं. मग डोक्यापासून पायापर्यंत काळी झालेली त्यांची होणारी सून उतरली. मागून लुगडं नेसलेले मामा.

मुलाच्या आईनं तोंडावर हात ठेवला, मग सरळ चूल पेटवून पाणी तापवायला घेतलं. रात्री परतणं शक्यच नव्हतं. आम्ही त्यांच्या मोरीत अंघोळ केली, त्यांची लुगडी नेसलो, त्यांच्या ओसरीवर झोपलो. नणंदेनं भाकरी थापताना डबे उघडून पाहिले, विहीर किती लांब आहे तेही पाहून आली. सकाळी तिनं मला कानात सांगितलं, "मोरीला दार बसवायला सांग. बाकी चांगलं आहे."

दार बसलं आणि वैशाखात लग्न झालं. होडीवाला बायकोला घेऊन आला, पहिल्या पंगतीला बसला. घर पाहून आम्ही परतलो होतो ते मात्र बसनं, आणि मामा त्यानंतर कधीच होडीत बसले नाहीत.

नणंद मात्र पाण्याची जाणकार झाली. शेजारच्या दुकानातल्या फोनवर तिचा निरोप यायचा: "वहिनी, अष्टमीला ये. पाण्याला जोर नसतो." माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी तशी अष्टमी गाठून गेले. पाणी तव्यासारखं सपाट होतं. नणंद गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. होडी टेकायच्या आधीच तिनं हात पुढे केले आणि मुलीला माझ्याकडून घेऊन ती पाठ फिरवून चालायलाही लागली.