नाव न विचारता वाढलेले पान

मराठी विषय घेऊन मी एम. ए. झाले, पण वाण्याची यादी आणि मुलींच्या शाळेला लिहिलेल्या चिठ्ठ्या यांपलीकडे आजवर माझ्या हातून काही लिहून झाले नाही. यजमानांच्या कपाटात कोर्टाच्या हिरव्या कागदांचा एक गठ्ठा शिल्लक आहे. त्यावर निदान एक गोष्ट उतरवून ठेवावी, असे गेले काही महिने वाटते आहे. त्या गोष्टीत चूक माझी होती, आणि ती त्यांनी कशी सावरली हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

माझे यजमान भिवंडीच्या कोर्टात दिवाणी वकिली करीत. सकाळी मुलींच्या युनिफॉर्मला इस्त्री तेच करीत. त्यांचे गळ्याशी बांधायचे पांढरे बँड आणि मुलींच्या रिबिनी आमच्या गॅलरीत एकाच दोरीवर वाळत. दुपारी ते जेवायला घरी येत. धाकटी शाळेतले भांडण घेऊन पानाशी बसे, आणि मैत्रिणीची बाजूही तिच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय ते निकाल देत नसत.

त्यांचा एक नियम सगळ्या कोर्टाला माहीत होता. आमच्या घरी जेवलेल्या माणसाविरुद्ध ते वकीलपत्र घेत नसत. वकिलीच्या सुरुवातीला त्यांना एका गृहस्थांची उलटतपासणी करावी लागली होती, आणि त्या गृहस्थांनी महिन्यापूर्वीच आमच्याकडे दिवाळीचा फराळ केला होता. त्या संध्याकाळी यजमानांना अन्न गेले नाही. नियम तेव्हापासूनचा. शेजारचे लूममालक चाचा ईदला शीरखुर्म्याचे पातेले पाठवीत आणि दिवाळीला हक्काने येत. ते म्हणत, "वकीलसाब, भाभीच्या चकलीने आमच्या अख्ख्या खानदानाला जामीन मिळवून दिलाय." यजमान हसत आणि त्यांच्या ताटलीत आणखी एक चकली टाकीत.

अशात दापोड्याची एक बाई आली. नवरा वारलेला, पदरी एक लेक आणि रस्त्यालगतची भातशेती. एका गोदाममालकाने तिच्या अंगठ्याचा करारनामा पुढे करून त्या शेतात कंपाउंडसाठी खड्डे खणायला घेतले होते. तीन वकिलांनी तिला परत पाठवले होते. त्यांना कामे गोदामवाल्यांकडूनच मिळत. यजमान आत फोनवर होते, तेव्हा ती माझ्याजवळ स्वयंपाकघराच्या दारात बसली.

"बाय, मी सही करते. लेकीनं शिकवली. अंगठा मी कदी लावलाच न्हाय, मंग तो कागदावर आला कसा?"

यजमानांनी तिला दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कागद घेऊन बोलावले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ दारात उभे राहिले. वकीलसाहेब येतीलच, असे मी सांगितले. ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, सकाळपासून मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. पोटात काही नाही हो."

आपण कोण, एवढेच विचारायचे होते. वाक्य माझ्या ओठापर्यंत आले आणि परत गेले. परक्या पुरुषाला नाव विचारणे मला तोवर कधीच जमले नव्हते. यजमानांच्या परिचयाचे कोणी असतील, आणि आपण विचारले तर त्यांचा अपमान होईल, अशी भीती वाटे. मी पान वाढले. तांदळाची भाकरी, भेंडीची भाजी, वरणभात. त्यांनी भेंडी दोनदा मागून घेतली. हात धुऊन निघताना ते म्हणाले, "साहेबांसाठी थांबत नाही आता. त्यांना फक्त सांगा, दापोड्याच्या गोदामाचे शेठ जेवून गेले."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

यजमान आले तेव्हा मी सगळे सांगितले. त्यांनी कढईत डोकावून पाहिले.

"भेंडी सगळी संपवली?"

"हो."

"मग लोणचं दे."

ते जेवले, पण नेहमीपेक्षा हळू. मी समोर उभी होते. इतक्या वर्षांचा त्यांचा नियम, आणि त्या बाईचे शेत. दोन्हींतले एक आज माझ्यामुळे जाणार, हे मला दिसत होते.

बातमी आमच्याआधी धामणकर नाक्यावर पोचली असावी. ती बाई आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. कागदांची पिशवी तिने छातीशी धरली होती.

"बाय, रिक्षावालं बोलतान ते खरं हाय का? तो हितं जेवला?"

"हो," मी म्हणाले. "मीच वाढलं."

तिने मला दोष दिला नाही. नुसती मान हलवली आणि वळली. तेवढ्यात यजमान बाहेर आले.

"कुठे निघालात? कागद दाखवा आधी."

"पन तुमचा नियम हाय ना, साहेब?"

"नियम मी माझ्या मनाच्या सोयीसाठी केला होता. तुम्हाला विचारून थोडाच केला?" मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "यांनाही वाढ. काय असेल ते."

भात होता आणि लोणचे होते. ती जेवली. नंतर त्यांनी वकीलपत्र पुढे केले आणि तिने एकेक अक्षर कोरीत त्यावर सही केली. यजमान ती सही बराच वेळ पाहत राहिले.

मनाई अर्जाच्या सुनावणीत समोरच्या वकिलांनी त्यांना टोमणा मारला, "साहेब, आमच्या अशिलाच्या पोटात तुमच्या घरचं अन्न आहे." यजमान म्हणाले, "आहे ना. माझ्या वाटणीची भेंडी." कोर्ट हसले, असे त्यांच्या कारकुनाने मला येऊन सांगितले. खणकामाला मनाई हुकूम मिळाला. दावा पुढे कित्येक वर्षे चालला आणि बाई जिंकली. आजही चहूबाजूंनी गोदामे आहेत, आणि मध्ये तिचे भात उभे असते.

त्या दिवसानंतर तो नियम त्यांनी पुन्हा कधी सांगितला नाही. मी एकदा धीर करून माफी मागितली. वर्तमानपत्रातून वर न पाहता ते म्हणाले, "उपाशी आहे म्हणाला आणि तू वाढलंस. यात माफी कसली?"

गेल्या वर्षी ते गेले. तेराव्याला आमची गल्ली माणसांनी भरली. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, जुने अशील आणि त्यांनी ज्यांच्याविरुद्ध दावे लढवले तेही पंगतीला बसले. शेजारच्या चाचांनी खुर्च्या मांडल्या. दापोड्याची बाई सकाळपासून माझ्याबरोबर वाढत होती. दुसरी पंगत बसताना पांढऱ्या सफारीतले तेच गृहस्थ, आता काठी टेकीत, दारात आले. आम्हा दोघींना पाहून ते तिथेच थबकले.

"वहिनी, आज जेवून जाऊ ना? आता कोणाची केस अडायची नाही."

भाताचे पातेले माझ्या हातात होते. मी त्यांच्याकडे सरळ पाहिले आणि विचारले, "आपलं नाव काय?"

पंगत थांबली. मग काठी सावरून, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असल्यासारखे, त्यांनी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव स्पष्ट सांगितले. बाई पदर तोंडाला लावून हसली आणि तिने त्यांच्यासाठी पाट सरकवला.

मी त्यांना भात वाढला. भेंडीही वाढली, तेराव्यासाठी ती मी मुद्दाम केली होती.