ढगांखालचा कापूस

लग्न होऊन मी नगरहून बडोद्याला आले, तेव्हा माझं काम नक्की काय हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून आकाशातून शेती बघते." तसं ते फार चुकीचंही नव्हतं. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून कुठल्या शेतात कोणतं पीक उभं आहे, ते किती जागेत आहे आणि त्यातून साधारण किती माल हाती येईल, हा अंदाज आमचं अलकापुरीतलं छोटंसं ऑफिस काढतं. असे अनेक ठिकाणचे अंदाज वर जाऊन एकत्र होतात आणि त्यावर धान्याचा साठा किती ठेवायचा, बाहेरून किती आणायचं, हे ठरतं. आमचा आकडा त्या मोठ्या बेरजेतला एक लहानसा तुकडा.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते. बाबा मात्र आयुष्यभर नंदेसरीच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. शिफ्टच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि हरणीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून राहू लागले. बोलणं मुळातच कमी, ते आणखी कमी झालं. माझ्याशी तर 'जेवलीस का' आणि 'आज उशीर झाला वाटतं' एवढंच. ते नाराज आहेत की त्यांचा स्वभावच तसा आहे, हे मला पहिलं वर्षभर कळलं नाही.

त्या पावसाळ्यात श्रावणात झड लागली ती थांबेचना. ढाढर नदी पात्र सोडून शेतांत शिरली. आमची पंचाईत वेगळीच होती. साध्या उपग्रहचित्रांत नुसते पांढरे ढग दिसत होते. मग आम्ही रडारची चित्रं घेतली, कारण रडार ढगांतून आरपार बघतं. त्यात साचलेलं पाणी काळं दिसतं. भाताची खाचरंही लावणीच्या वेळी अशीच काळी दिसतात आणि रोप वाढेल तशी उजळत जातात. पादरा गावाच्या पलीकडचा एक मोठा पट्टा असाच आधी काळा, मग हळूहळू उजळ झालेला दिसला आणि आमच्या कॉम्प्युटरने त्यावर 'भात' असं लिहून टाकलं.

त्या भागातलं भाताचं क्षेत्र आदल्या वर्षापेक्षा खूपच फुगलं होतं. आमचे साहेब म्हणाले, पाऊस चांगला झालाय, लोकांनी जास्त भात लावला असेल, असं होऊ शकतं. पण पाठवण्याआधी कुणीतरी डोळ्यांनी बघून या. नेहमी शेतावर जाणारा सहकारी डेंग्यूने अंथरुणाला खिळला होता, ऑफिसची गाडी दाहोदकडे गेली होती. मला स्कूटरच्या पलीकडे काही चालवता येत नाही. रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगत होते, तर बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "मी नेतो तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पादरा येईपर्यंत दोघं गप्पच होतो. तिथे चहाच्या टपरीवर बाबांनी चहावाल्याला विचारलं, यंदा काय पेरलंय लोकांनी? तो म्हणाला, कपास, तुवर, थोडं डांगर. मी मनात म्हटलं, इथे शेतात भोपळा कोण लावतं? बाबांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. "अगं, इकडे डांगर म्हणजे भात," ते म्हणाले आणि हसले. मी त्यांना असं हसताना क्वचितच पाहिलं होतं. पुढचा रस्ताभर ते मला गुजराती शब्द शिकवत राहिले.

आमच्या नकाशातल्या पट्ट्यातलं पहिलंच गाव आलं. बाबा गाडीपाशी थांबले आणि मी टॅबलेट घेऊन बांधावर उतरले. दोन-चार फोटो काढले असतील, तेवढ्यात मोटरसायकलींवरून काही माणसं आली. कोण तुम्ही, कुणाला विचारून मोजणी करता, असं सुरू झालं. मी पीक बघतेय म्हणून सांगत होते, पण माझं गुजराती तेव्हा भाजी घेण्यापुरतंच होतं. नंतर कळलं की आदल्या वर्षी अशीच माणसं यंत्रं घेऊन आली होती, आणि मागाहून रस्त्यासाठी काहींच्या जमिनी गेल्या होत्या. एकाने गाडीची किल्ली काढून खिशात घातली.

बाबा वाद घालायला गेलेच नाहीत. त्यांनी प्यायला पाणी मागितलं आणि गावच्या दूध डेअरीच्या ओट्यावर जाऊन बसले. मग सावकाश, त्यांच्या अस्सल बडोदी गुजरातीत सांगितलं की मी हरणीला राहतो, नंदेसरीला नोकरी केली, ही माझी सून. ती काय करते ते मलाही पुरतं कळत नाही, पण जमीन घेणाऱ्यांपैकी ती नाही, एवढं मी माझ्या घराच्या भरवशावर सांगतो. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तू यांना सगळं दाखव. काही लपवण्यासारखं नाही ना? मग दाखव."

मी टॅबलेट ओट्यावर ठेवला आणि चित्र उघडलं. मी मोडकंतोडकं बोलत होते आणि बाबा दुरुस्त करत होते. माणसं ऐकत होती, पण विश्वास बसत नव्हता. दूध घालायला आलेल्या बायका मागे उभ्या होत्या. त्यातली एक, पन्नाशीची असेल, दुधाची बरणी खाली ठेवून पुढे आली. नवरा गेल्यापासून शेती तीच बघते, असं कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, "मारुं खेतर बताव." माझं शेत दाखव.

तिने सांगितलं तसं मी चित्र सरकवत गेले. कॅनॉल, त्याच्या बाजूचं देऊळ, तळं, तिथून डावीकडे. तिने एका चौकोनावर बोट ठेवलं. त्यावर आमचा भाताचा रंग होता. मी तसं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. बरणी शेजारणीकडे दिली आणि म्हणाली, चल, बघून घे. बाबा आणि ती माणसंही मागोमाग आली.

तिचं शेत अजून पोटरीभर पाण्यात होतं. त्यात कापूस उभा होता, म्हणजे लाल पडलेल्या पानांच्या काड्या उभ्या होत्या. झाडं लहान असतानाच पाणी डोक्यावरून गेलं होतं. तिने एक झाड उपटलं तर ते अलगद हातात आलं, मूळ कुजलेलं. पुढचं शेत तसंच, त्याच्या पुढचंही. नजर जाईल तिथवर तेच. आता माझ्या लक्षात आलं. पाणी चढलं तेव्हा चित्र काळं झालं, ते ओसरत गेलं तशा या काड्या वर आल्या आणि चित्र उजळलं, आणि आम्ही त्याला वाढता भात समजलो. जिथे काहीच पिकणार नव्हतं तिथे आमच्या हिशेबात तांदळाची रास लागली होती.

तिने विचारलं ते बाबांनी मला सांगितलं: इथे काही उरलं नाही, हे आता वर लिहिलं जाईल का? मी सरळ सांगितलं की मदत मिळवून देणं माझ्या हातात नाही, तसा शब्द मी देणार नाही. पण याला भात म्हणून मोजू देणार नाही. बाबांनी ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बस, खोटुं ना लखाय." खोटं लिहिलं जाऊ नये, एवढंच.

ज्याने किल्ली घेतली होती त्याने ती बाबांच्या हातात ठेवली. मग तीच माणसं मोटरसायकलवर पुढे झाली आणि आम्हाला शेतामागून शेत दाखवत गेली. कुठे पाणी कधी चढलं, कुठे खरंच भात आहे, कुठे तूर वाचली, सगळं सांगत होती. ऊन निघालं होतं आणि स्क्रीनवर काही दिसेना. बाबा छत्री घेऊन माझ्यामागे चिखलातून फिरत होते. छत्री माझ्यावर नाही, टॅबलेटवर धरलेली. दुपारी त्या बाईंनी, गावात त्यांना मासी म्हणत, घरी नेऊन बाजरीचे भाकरीसारखे रोटले, बटाट्याचं शाक आणि छास, म्हणजे ताक, वाढलं. ज्यांच्या शेतात ते वर्ष वाया गेलं होतं त्यांच्या घरी पोटभर जेवताना मला घास जड जात होता. पण त्या पुन्हा पुन्हा वाढत होत्या आणि बाबांनी डोळ्यांनीच खुणावलं, खा.

साहेबांना मी सगळं सांगितलं. पाठवायची मुदत तोंडावर आली होती. त्यांनी वरच्या ऑफिसात फोन करून आकडा उशिरा येईल म्हणून कळवलं, पलीकडची बोलणी एकट्याने ऐकून घेतली आणि मला म्हणाले, नीट कर. ढग यायच्या आधीची चित्रं काढून मी पाहिलं, तर त्या शेतांत कापसाची कोवळी हिरवळ तेव्हाच दिसत होती. गावातून आणलेली माहिती आणि ती जुनी चित्रं जोडून सगळा पट्टा पुन्हा तपासला. भाताचा आकडा खूप खाली आला. पुढे त्या आकड्याचं कुणी काय केलं ते मला माहीत नाही. पण तो खरा होता आणि तो खरा असण्यामागे माझं शिक्षण कमी, त्या माणसांनी उन्हात दिलेला दिवस जास्त होता.

त्यानंतर शेतावर जायचं असलं की बाबाच गाडी काढू लागले. साहेबांनी त्यांना रीतसर कामावर येण्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, नोकरी पुष्कळ केली, आता फिरायचंय. मी एकदा धीर करून त्यांना म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं कोण जाणे."

ते गिअर बदलत म्हणाले, "आणि तू नसतीस तर मी अजून गॅलरीतच बसलो असतो." मग लगेच त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि विचारलं, "ते बघ, दिवेला आहे ना?"

एरंडाला गुजरातीत दिवेला म्हणतात. मी हो म्हटलं आणि त्याची नोंद करायला गाडी थांबवायला लावली.