घाणसाहेब आणि उसना शिरा

घाणसाहेबांच्या तोंडात पान नसे की तंबाखू नसे. एकच शब्द असे, "घाण". सरकारी छापील अर्ज हातात आला की घाण. अर्जावर शाईचा डाग दिसला की घाण. आमची अक्षरं घाण, आमची उत्तरं घाण, आणि आम्ही काहीच बोललो नाही तर ती शांतताही घाण. हा शब्द उच्चारताना नाक आणि वरचा ओठ असा आवळत, की समोर कुणीतरी मेलेला उंदीर ठेवलाय असं वाटावं. बऱ्याचदा तो उंदीर मीच असे.

निराधारांना अनुदान द्यायची योजना तेव्हा नवीनच आली होती. खेड्यापाड्यांतून विधवांचे, म्हाताऱ्यांचे, अपंगांचे अर्ज येत, आणि कोण पात्र, कोण अपात्र हे घरी जाऊन बघायला आम्ही दहाबारा नवे कारकून भरती झालो होतो. आम्हाला शिकवायचं काम निवृत्तीला टेकलेल्या या अव्वल कारकुनाच्या गळ्यात पडलं. खरं नाव कुणी घेतच नसे.

शिकवणीला जागा मिळाली राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयात, मुहूर्त नसेल त्या दिवशी. सगळीकडे कालच्या मसालेभाताचा आंबूस वास. पायाखाली अक्षता. पंगतीच्या बाकांवर हात ठेवला की चिकटायचा. स्टेजवर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या, त्यांतली एक साहेबांना दिली. त्यांनी तिच्याकडे मेल्या उंदराकडे बघावं तसं बघितलं आणि दहाही दिवस उभ्यानं शिकवलं.

आणि मी? मी म्हणजे बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, कडक इस्त्रीची साडी आणि खांद्याला पर्स. पर्समध्ये रुमाल आणि पावडरीची डबी, बाकी काही नाही. नियमावली मला अथर्वशीर्षासारखी पाठ होती, आणि अर्थही तितकाच कळत होता. साहेबांनी कलम विचारायचा अवकाश, मी उठून घडाघडा म्हणायची. बाकीचे माझ्याकडे कौतुकानं बघतात असं मला वाटे. आज त्या मुलीला गाठून दोन कानाखाली द्याव्यात असं वाटतं.

एकदा साहेबांनी मला विधवा केलं आणि आपण टेबलामागे जाऊन खिडकीतले कारकून झाले. "बाई, तुमचा नवरा मेल्याचा कागुद?" मी दाखवला. "दुसरी परत?" नव्हती. "उद्या या." मी पुन्हा आले. "सही कुणाची ही? उद्या या." चौथ्या उद्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, "बस. चार येळा आलीस तर रडतीस. चंदगडची म्हातारी एवढ्या लांबनं एष्टीनं येती." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, तर त्यांनाही घाण म्हटलं.

त्यांचा एक नियम मात्र नियमावलीत नव्हता. गृहभेटीला गेल्यावर चहा घ्यायचा नाही. पाणी मागायचं. मी हात वर करून विचारलं, "साहेब, कोणत्या कलमाखाली?"

"पितीस तवा कळंल."

मी मनात म्हटलं, म्हातारा चिक्कू आहे, दुसऱ्याच्या घरचा चहासुद्धा बघवत नाही.

मग प्रत्यक्ष भेटी सुरू झाल्या. मला मिळाल्या हौसाबाई. मलकापूरच्या पुढे एस.टी.तून उतरून अर्धा तास चालल्यावर त्यांचं घर. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, शेत नाही, रोजगाराला जायला गुडघे नाहीत. हे सगळं त्यांच्या अर्जात लिहिलेलं होतं, पण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले होते ना.

"बसा बाईसाब," म्हणून त्यांनी पोतं अंथरलं आणि मागच्या दारानं गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या. मग चूल पेटली, रवा भाजल्याचा वास सुटला. लखलखीत स्टीलच्या ताटलीत शिरा, स्टीलच्या पेल्यात दुधाचा चहा. मी "कशाला, कशाला" म्हणत सगळं संपवलं. थोडा आणखी घेतला. मग बसस्टॉपवर उभी राहून वळणदार अक्षरात अहवाल लिहिला: घरात स्टीलची भांडी, दूध, साखर, रवा व तूप आढळून आले. अर्जदार निराधार वाटत नाही. अपात्र.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचला.

"शिरा कसा हुता?"

"चांगला होता."

"ग्वाड?"

"हो साहेब."

"ताटलीवर नाव काय हुतं?"

त्या काळी स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार त्यावर मालकाचं नाव घालून देई. हे मला माहीत होतं. पण मी म्हणाले, "भांड्यावरची नावं वाचायची असं नियमावलीत कुठं आहे?" सगळे हसले. साहेबांनी नाक आवळलं. या वेळी समोर खरंच उंदीर होता.

"घाण केलीस, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते मला घेऊन निघाले. हौसाबाईंच्या उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "आक्का, तांब्याभर पाणी द्या." पाणी आलं पोचे पडलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, तांब्यातून, आणि पेला नव्हताच. हौसाबाई लगेच मागच्या दाराकडे वळल्या.

"च्या नगं," साहेब म्हणाले. "शेजारी जाऊ नगासा. परवाचा रवा कुणाचा हुता?"

उत्तर कुडापलीकडून शेजारणीनं दिलं. "रवा माझा, ताटली माझी. साखर सोनाराच्या म्हातारीची, दूध वरच्या आळीचं, तूप देवळातल्या गुरवाचं. शिरा समद्या आळीनं केला आणि खाल्ला ह्या एकटीनं. हौसाआक्कानं बोटसुदीक लावलं न्हाय."

"तू गप की," हौसाबाई म्हणाल्या. मग साहेबांना, "पावणं दारात आल्यावर रिकामं कसं धाडायचं ओ? तुमच्यात धाडत्यात व्हय?" आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "बाईसाब, शिरा केला म्हून माझा अर्ज गेला व्हय?"

परवाचा तो शिरा पोटात कुठला उरायला, पण जे होतं ते वर आलं, खरोखर. कुडाच्या कडेला जाऊन मी ओकले. शेजारीण म्हणाली, "गेला आमचा रवा."

अहवालावर तारीख आणि शिक्का पडला होता, तो फाडता येत नव्हता. साहेबांनी त्याच्याच खाली माझ्याकडून लिहून घेतलं: वरील अहवाल चुकीचा आहे. मी खाल्लेला शिरा अर्जदाराचा नव्हता. अर्जदार पात्र आहे. "अजून सुबक काढ अक्षर," म्हणाले, "तुझं अक्षर लई चांगलं हाय." खाली स्वतःची सही केली, म्हणजे अर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे हसं झालं तर दोघांचं. झालंच. समितीतले लोक पोट धरून हसले आणि हसता हसता अर्ज मंजूर झाला. हौसाबाईंना अनुदान सुरू झालं आणि मला नाव पडलं, शिराबाई. त्याच नावानं मी निवृत्त झाले. पुढे नव्या पोरापोरींना शिकवायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा चहाचा नियम मी पहिल्याच दिवशी सांगे. कलम विचारणारी एक तरी मुलगी निघेच. तिच्याकडे बघून माझं नाक आपोआप आवळे.

साहेब निवृत्त झाल्यावर दोनतीन वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. पेठेतली एक खोली, बायको गेलेली, स्वतः वाळून अर्धे झालेले. मी पाणी मागितलं. "पाणी कसलं," म्हणाले, आणि धोतर सावरत मागच्या दारानं गेले. बऱ्याच वेळानं आले.

चहा स्टीलच्या पेल्यात होता. सवयीनं मी पेला फिरवला. नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते.

"वाचलंस?"

"वाचलं."

"आता पी. अहवाल लिवायचा न्हाय."

चहा गार, पाणचट आणि मरणाचा गोड होता. घाण होता. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि "थोडा आणखी" असं या वेळी म्हटलं नाही. त्याच वर्षी ते गेले. अहवाल लिहायचा नाही, हा त्यांचा शब्द मी इतकी वर्षं पाळला, आज हे लिहून मोडला. घाण केली असेल, तर केली.