पायावरची फुली

फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे लष्कराच्या आघाडीवरच्या दवाखान्यात, मी नर्सिंग असिस्टंट होतो. सहाला पीटी, साडेसातला हवालदार बलबीर उस्तादांचा क्लास. एकमेकांच्या आणि उस्तादांच्याही पायांवर बोटं ठेवून नाडी शोधायची. मोठी धमनी गुडघ्याच्या मागून हाडाला चिकटून उतरते. पुढे तिच्या फांद्या होतात. एक पावलावर येते, एक घोट्याच्या आतल्या अंगाला. "घुटना मत देखो, पाँव देखो," उस्ताद ओरडायचे. नाडी सापडली की तिथं पेनानं फुली मारायची, म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसावं लागत नाही. आंघोळ करूनही आमचे पाय निळेच. मेसमध्ये त्यावरून भरपूर थट्टा व्हायची.

पेन्शनीत तेरजवळच्या माझ्या गावी आलो, तो ऐन दुष्काळात. सोसायटीच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. एके दिवशी सकाळी ११.१० ला दगड वर ओढणाऱ्या यारीचा दांडा उलटा फिरला आणि यारी फिरवणाऱ्या शब्बीरच्या गुडघ्यावर बसला. गुडघा निखळला आणि आपोआप जागेवरही आला. लोकांना हायसं वाटलं. शब्बीरचे वडील पाऊल चोळत म्हणाले, "लई गार पडलंय. वीट तापवा, शेकू."

"चाचा, शेकू नका," मी म्हणालो.

मी बोटं ठेवली. पावलावर नाडी नाही. घोट्याशी नाही. दुसऱ्या पायात ठणठणीत. गुडघ्यामागची धमनी गेली होती. सहा तासांत रक्त पोचलं नाही, तर पाय कापावा लागणार. चांगल्या पायावर जागा पाहिली आणि गार पायावर तिथंच फुली मारली.

गावात वाहन एकच, नुकताच आलेला पाण्याचा टँकर. पुढं घागरींची रांग. ड्रायव्हर म्हणाला, "रिकामा करायला अर्धा तास लागंल."

रांगेतली पहिली बाई, सुलाबाई, घागर उचलून बाजूला झाली. "पाणी सांजच्याला घिऊ. पाय सांजच्याला मिळंल का?"

रांग हटली. भरल्या टँकरनिशी ११.४० ला निघालो. सोलापूरच्या दवाखान्यात पोचलो २.३५ ला. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी फुलीवर बोट ठेवलं.

"लागतेय. तुम्ही बघा."

मी बघितलं. लागत होती. मला रडू आलं.

पुढं विहिरीला पाणी लागलं. शब्बीर दोन्ही पायांवर उभा राहून यारी फिरवत होता. पहिली घागर त्यानं सुलाबाईंना दिली. मला म्हणाला, "चाचा, तुमी होता म्हणून."

"मी न्हाय रे. उस्ताद."

उस्ताद मागंच एका लढाईत मारले गेले होते. ते स्ट्रेचरवर, आणि त्यांच्या पावलावर बोटं ठेवून मी शेजारी बसलो होतो. काहीच लागत नव्हतं. त्यांच्या पायावर त्या सकाळच्या आमच्या क्लासातली निळी फुली तशीच होती.