थंड इंजिनातलं गरम तेल

११ फेब्रुवारी १९४६, सोमवार. काम होतं लॉरीचं तेल बदलण्याचं.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणणार नाही. अंगात येणाऱ्या बायकांना मी ताक पाजून घरी पाठवलेलं आहे. तरी हे लिहिते आहे, कारण तीन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

आम्ही उमरग्याचे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं भुसाराचं दुकान आणि डिझेलवर चालणारी एक लॉरी. सोमवारी आमच्यात बैल जुंपत नाहीत. लॉरी आली तेव्हा सासरे म्हणाले, "बैलाला सुट्टी अन् हिला न्हाय, हा कुठला न्याय?" तेव्हापासून लॉरीही सोमवारी उभी राहायची, आणि ग्रीस, तेल, जाळी धुणं ही कामं त्या दिवशी व्हायची. ती आमचा ड्रायव्हर कासिमभाई करायचा. सहा वर्षं पाने हातात देता देता मी सगळं शिकले. दिवाळीच्या आधी कासिमभाई तापानं गेला. माझे दीर शिवप्पा लॉरी चालवायला लागले, पण लॉरीखाली आडवं पडायची त्यांना लाज. मग ते काम माझ्याकडं आलं.

कासिमभाईचा एक नियम होता. आधी इंजिन दहा मिनिटं चालवायचं, मगच तेल सोडायचं. "ठंडा तेल नक्को निकालो बाई, मैल नीचेच बैठ जाता." मग थेंब दोन बोटांत चोळून उन्हात धरायचा. चांदीसारखी चमक दिसली तर इंजिनाच्या आतलं बेअरिंग झिजतंय. "आदमी झूट बोलता. तेल झूट नै बोलता."

त्या सोमवारी मी तो नियम मोडला. बुधवारी सकाळी माझ्या गौराचं लग्न होतं, नळदुर्गाच्या पलीकडं, मुलाच्या गावी. मंगळवारी दुपारी तीस माणसांचं वऱ्हाड याच लॉरीतून निघायचं होतं. घरात पाहुणे, लाडू वळायचे बाकी... इंजिन चालवत कोण बसतंय! लॉरी रविवारी दुपारपासून शेडमध्ये उभी होती. कुलूप माझं, किल्ली माझ्या कनवटीला. मी बॉनेटवर हात ठेवला, गार. खाली शिरले, घमेलं लावलं आणि नट काढला.

तेल उकळतं आलं.

मनगटावर धार पडली आणि मी ओरडले. हैदराबादहून आत्ताच लॉरी येऊन उभी राहावी तसं तेल, वाफ निघत होती! दुसरा हात इंजिनाला लावला. ते गारच. थेंब चोळून दारातल्या उन्हात धरला. बोटं चांदीची झाल्यासारखी चमकत होती.

मी शिवप्पांना हाक मारली. ते पान चघळत सावकाश आले. तोवर घमेल्यातलं तेल गार झालं होतं. चमक नाही, काही नाही, नेहमीचं काळं तेल.

"वहिनी, लेकीच्या लग्नाचा ताप चढला तुमाला."

"मग हा फोड कशानं आला?"

"कढईतलं तेल उडालं असंल. लाडू तळताय न्हवं?"

"लाडू तळत नाहीत, भाऊजी. वळतात."

ते हसले. मी हसले नाही. नवं तेल भरलं, हात धुतले आणि ओसरीवर जाऊन आमच्या मालकांना सांगितलं, "वऱ्हाड बैलगाड्यांनी जाईल."

घरात गोंधळ उडाला. सोमवारी गाडी जुंपता येत नाही, म्हणजे मंगळवारी पहाटे निघायचं आणि दिवसभर चालायचं. एखादा आख मोडला, एखादा बैल बसला तर मुहूर्त हुकणार. मालक म्हणाले, "लॉरीत काय बिघडलंय ते तरी सांग." मी मनगटावरचा फोड पुढं केला. गौरा रडायला लागली. "अव्वा, लॉरीतून येणार म्हणून समद्यांना सांगून बसलेय मी. आता बैलगाडीतून उतरू व्हय?"

"उतर. पण धड उतर," मी म्हणाले. बेअरिंग झिजून नळदुर्गाच्या उतारावर इंजिन एकदम जाम झालं, तर चाकं अडकून लॉरी कशी उलटते, ते कासिमभाईनं मला एकदा सांगितलं होतं. तीस माणसं, त्यांतली नऊ पोरं.

संध्याकाळपर्यंत सहा बैलगाड्या ठरल्या.

पुढं काय झालं? काहीच नाही. वऱ्हाड अंधार पडता पडता पोचलं, मुहूर्त गाठला. मागून लॉरीही नेली, नुसती भांडी भरून; चालवायला शिवप्पा, शेजारी मी. तिला कशाला नेलं? इतक्या गोंधळानंतर मला कळायलाच हवं होतं. तो उतार तिनं लोण्यासारखा उतरला. नंतर सोलापूरला मिस्त्रीकडून इंजिन उघडून घेतलं. बेअरिंगं नवी असावीत तशी. डबीत ठेवलेलं जुनं तेल दाखवलं. म्हणाला, "चांगलं आहे की हो, फेकलं कशाला?"

व्याही अजून टोमणा मारतात, "लॉरीवाल्यांची पोर बैलगाडीतून आली." गौराही अजून ते विसरलेली नाही. मी चुकले असेन. माझ्या मनगटावर अठन्नीएवढा पांढरा डाग आहे. तो कशाचा, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आणि त्या तेलानं मला खरं सांगितलं की खोटं, तेही कळत नाही.

त्या मंगळवारी पहाटे मात्र एक केलं. गौराची गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत उभी राहिले, मग घरी न जाता सरळ शेडमध्ये गेले. इंजिन चालू केलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसून राहिले. रेशनच्या काळात मिळालेलं ते नवं कोरं तेल गरम असतानाच सगळं खाली सोडलं, बोटांत चोळलं, उजेडात धरलं. स्वच्छ होतं. दुसरा डबा फोडून पुन्हा भरलं.

या वेळी मनगटाला फडकं गुंडाळलं होतं.